कुणीतरी माझी हजेरी लावा

२ नोव्हेंबर, रविवार

आले एकदाची वारज्यात. टेम्पोत पुस्तकांची सोळा खोकी, एक गादी, एक टेबल आणि मी. तिसरा मजला आणि बंद लिफ्ट बघून टेम्पोवाल्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मीच दोन खोकी उचलली. एवढं वाचून करता काय ताई, असं त्याने विचारलं. सहा वर्षं दिवसाला आठ तास लोकांनी इंटरनेटवर टाकलेली घाण वाचायची आणि पुसायची, अशी नोकरी मी केली, हे त्याला कुठे सांगत बसू? म्हटलं, वेळ जातो.

ती नोकरी सोडली. एका दुपारी खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत एका अत्यंत वाईट पोस्टसमोर मी नुसती बसून राहिले आणि मला काहीच वाटेना. ना राग, ना किळस. तेव्हा ठरवलं, पुरे झालं. छत्तिसाव्या वर्षी माणसाला निदान राग तरी यायला हवा.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, पण खिडकी ऐसपैस आहे. समोर हायवे, त्यामागे टेकडी. गाड्यांचा आवाज येतो, येऊ दे. खिडकी बंद करून मला झोपच लागत नाही.

आई विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आली. महापालिकेच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं सिस्टर होती, त्यामुळे नव्या घराचीही तिने राउंड घेतली. आधी बाबासाहेबांचा फोटो लावला, मग गॅसची नळी तपासली, मग मला खोकं चुकीचं उचलल्याबद्दल बोलली. जाताना एक गोधडी ठेवून गेली. ड्यूटीच्या पांढऱ्या, निळ्या काठांच्या साड्या फाडून तिने ती शिवली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे टाके वाकडेतिकडे. मला तर ते टाके बघूनच भरून आलं. सत्तावीस तारखेला तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. कलू, तू येणार ना, हे तिने तीनदा वदवून घेतलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत एकमेकींना. मी कशाला येणार नाही?

शेजारणीने चहा आणून दिला. वेलचीचा. ती जाताच तो बेसिनमध्ये ओतला आणि आलं ठेचून आपला करून घेतला. वेलची चहात घालणाऱ्यांशी माझं जन्मात जमायचं नाही.

नवी वही, माझं आवडतं पेन आणि मोरपंखी शाई. उद्यापासून नवं काम. बरं वाटतंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

बुधवार पेठेत सलिलसरांच्या दुकानात जाऊन आले. कपॅसिटर, रेझिस्टर, वायरींची भेंडोळी, आणि माळ्यावर खोक्यांच्या मधोमध घरघरणारा एक काळा संगणक. त्या संगणकावर आख्खा ‘कोनाडा’ राहतो.

‘कोनाडा’ हा आमचा फोरम. मोठ्या साइटींवरच्या भांडणांना विटलेल्या दोनेकशे मराठी माणसांनी अकरा वर्षं चालवलेला. फाउंटन पेनवाले, जुने रेडिओ दुरुस्त करणारे, खटखट वाजणारे कीबोर्ड घरी बांधणारे, आणि ‘सातवा उपग्रह’ या जुन्या नभोनाट्याचे भक्त, ज्यांचं शेवटच्या भागात कप्तान मेला की नाही यावरून अजून जुंपते. मी स्वतः पेनवाली. तीन वर्षं आयडी न काढता बाहेरूनच वाचत होते. व्यवस्थापक हवा म्हणून सलिलसरांनी लिहिलं आणि मी हात वर केला.

सर साठीचे असतील. बोलणं तुटक, पण अहोजाहो. काम त्यांनी उभ्याउभ्याच समजावलं. इथे लाइक नाहीत. प्रत्येक मेंबराने रोज सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच्या आत हजेरी लावायची. हजेरी म्हणजे साध्या गोष्टीवरचं आपलं एक मत, आणि त्याची सुरुवात ‘मला वाटतं’ अशीच करायची. पोह्यात बटाटा, बसमधली खिडकी, काहीही. सलग तीन दिवस हजेरी नाही, तर आयडी आपोआप उडतो आणि त्या माणसाचं आजवरचं सगळं लिखाणही पुसलं जातं. रिकामटेकडे बघे नकोत म्हणून नियम केला होता. तो प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा परदेशी गेला, आता त्यात कोणाला काही बदलता येत नाही. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, असं सर म्हणाले.

मग आजारी माणसाने काय करायचं? त्यासाठी प्रॉक्सी. कॉलेजात लावायचो तशीच. त्या माणसाच्या नावापुढे बटण आहे, ते दाबून त्याच्या वतीने कोणीही मत लिहायचं. सध्या नऊ जण असे आहेत, ज्यांची प्रॉक्सी व्यवस्थापकाने लावायची. सरांनी एक छोटी वही दिली. त्यात नऊ जणांच्या आवडीनिवडी. पहिलंच नाव अपेक्षाचं. माझ्याआधी तीच व्यवस्थापक होती. वेलचीचा चहा, साधी निळी शाई, थंडी सोसत नाही म्हणून खिडकी बंद. ती आता का येत नाही, असं विचारलं तर सर म्हणाले, तिला जमत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगितली. आपली हजेरी आपणच लावायची, दुसऱ्याला सांगायचं नाही. मला वाटलं, पुणेरी शिस्त. मान डोलावली आणि वारज्याची बस पकडली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम सुखाचं आहे. अकरा वर्षांची भांडणं वाचतेय आणि एकही शिवी नाही. शाई वाळायला किती वेळ लागावा यावर एकशे बारा प्रतिसादांचा धागा आहे. खराडीत एवढ्या शब्दांत तीन दंगली झाल्या असत्या.

प्रॉक्सीची मजा वाटते. नऊ माणसं, नऊ स्वभाव. त्यातले कसबा पेठेतले रविराज मला फार आवडतात. पन्नाशीचे रेडिओ मेकॅनिक. ‘सातवा उपग्रह’चे एकशे चाळीस भाग त्यांनी कॅसेटवर जपलेत आणि कप्तान जिवंत आहे यावर ते कोणाशीही भांडतात. ऑक्टोबरात उजवं मनगट मोडलं, टाइप करता येईना, तेव्हा त्यांनीच फोरमवर लिहिलं होतं, कुणीतरी माझी लावा. आज मी त्यांच्या वतीने लिहिलं, मला वाटतं, वांग्याच्या भाजीला लोक उगाच नावं ठेवतात. वहीत त्यांना वांगं आवडत नाही असं होतं, ते मी नंतर पाहिलं. असो. वांग्याने कोण मरतं?

आईला रोज रात्रीच्या जेवणाआधी फोन करते. सत्तावीसची आठवण ती रोज करून देते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दमले. रोज नऊ माणसांना काही ना काही वाटायला लावायचं, वर दहावी मी. मतं संपतात हो. आठव्या माणसापर्यंत पोचेस्तोवर डोकं रिकामं होतं आणि मग जे सुचेल ते ठोकून देते. माझ्या स्वतःच्या खोक्यांनी वाट अडवली होती, त्या वैतागात परवा रविराजांच्या नावाने लिहिलं, मला वाटतं, जुनं सामान माणसाने घरात ठेवू नये. काल लिहिलं, मला वाटतं, लग्न हा प्रकार मला कधी कळलाच नाही. खाली सात जणांनी वा वा केलं. खरं तर तो माझा वैताग, त्यांचा नव्हे. थोडी शरम वाटली, पण पुसायची सोय नाही.

आज अपेक्षाची पाळी आली तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झाले होते. वेलची, शाई, खिडकी, सगळं लिहून झालेलं. कंटाळून गंमत केली. तिच्या वतीने लिहिलं, मला वाटतं, नव्या व्यवस्थापकबाई फार दमतात, त्यांना विश्रांती द्यावी, त्यांचं सगळं मी बघेन. स्वतःशीच हसले. कोणीतरी असं म्हणावं, एवढीच इच्छा होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कालपासून ताप. सांधे धरलेत. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, पडून राहा. आई येते म्हणाली, तिला या डोळ्यांनी दोन बस कशाला म्हणून नको म्हटलं.

नऊ जणांची प्रॉक्सी कशीबशी मोबाइलवरून लावली. स्वतःचं मत सुचेना. काहीच वाटत नव्हतं, अंग दुखतं याशिवाय. मग गप्पांच्या धाग्यावर लिहिलं, कुणीतरी माझी हजेरी लावा रे बाबांनो. कॉलेजात चार वर्षं हेच केलं. झोपते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताप उतरला. तोंडाला चव नाही.

माझी हजेरी कोणीतरी तिन्ही दिवस लावली, आणि आजचीही. मत असं, मला वाटतं, चहात वेलची हवीच. वाचून हसू आलं. खाली लावणाऱ्याच्या जागी नाव होतं, अपेक्षा. म्हणजे बाई परतल्या तर. तिची स्वतःची हजेरीही तीन दिवस तिनेच लावलेली दिसते, सकाळी बरोबर सहा वाजता. माझं एक माणूस कमी झालं. तिला आभाराचा निरोप टाकला. उत्तर नाही. सलिलसरांना कळवलं, की अपेक्षाताई आल्या. त्यांचंही उत्तर नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अपेक्षाला कळतच नाही. मी बरी झाले असं लिहिलं, तरी माझी हजेरी रोज तीच लावते. दिवसाला एकच लागते, त्यामुळे माझी लागत नाही. ‘आजची हजेरी लागली आहे’ एवढंच येतं. आज पहाटे पावणेसहापासून टपून बसले होते. सहाचा ठोका पडायच्या आत मत लिहून तयार ठेवलं, बोट बटणावर. सहा वाजले आणि तिचं आधीच तिथे होतं. मला वाटतं, निळ्या शाईइतकी सोज्वळ शाई नाही.

सवय झाली असेल बिचारीला. एवढ्याशा गोष्टीवरून भांडायला माझ्यात जोर नाही. चहा घेऊन पुन्हा पडले. शेजारणीकडून वेलची मागून आणली होती, चहा छान झाला. खिडकी लावून घेतली, आताशा वारं बोचतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

काल रविराजांच्या बायकोचा, अस्मिताताईंचा फोन आला. यांचा आयडी बंद करा, यांचं काहीतरी बिनसलंय, असं त्या म्हणाल्या. आवाजात रडू होतं. म्हणून आज कसबा पेठेत गेले. बोळात तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज, त्यावर पहिल्या मजल्यावर त्यांचं घर.

रविराजांनी हसून बसवलं. मनगट बरं झालंय. कॅसेट बघायच्या होत्या असं मी म्हटलं, तर मांडणी रिकामी. एकशे चाळीस भाग त्यांनी परवा भंगारवाल्याला दिले. जुनं सामान माणसाने घरात ठेवू नये, असं ते म्हणाले. माझं वाक्य, शब्दाला शब्द. कप्तानाचं विचारलं, तर त्यांना कप्तानच आठवेना. ताटात वांगं होतं. अस्मिताताईंनी सांगितलं, बावीस वर्षांत यांनी वांग्याला हात लावला नव्हता, आता दोन्ही वेळेला तेच मागतात.

मग त्या चहा आणायला आत गेल्या तेव्हा रविराज माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, या बाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण इथे का राहतात ते काही कळत नाही, तुमच्या ओळखीच्या आहेत का?

अस्मिताताई दारातच होत्या. कप हातात. त्यांनी ऐकलं.

मी केलं हे. कंटाळा आला म्हणून केलं. घरी येईपर्यंत सहा वाजायला दहा मिनिटं होती. रविराजांची हजेरी लावली. मला वाटतं, अस्मिता ही माझी बायको आहे आणि तिच्यावाचून माझं चालत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सलिलसरांच्या दुकानात. सगळं सांगितलं. ते बराच वेळ सोल्डरिंगची तार बोटाभोवती गुंडाळत राहिले.

अपेक्षा त्यांची भाची. गेल्या जानेवारीत कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेली. 

गेली म्हणजे वारली. मी परत विचारलं. वैकुंठ स्मशानात मीच होतो, असं सर म्हणाले.

बहीण वारली तेव्हा अपेक्षा सहा वर्षांची होती, मामानेच वाढवलं. फोरमवर तिचं नऊ वर्षांचं लिखाण. तीन दिवस हजेरी लावली नसती तर तेही पुसलं गेलं असतं. म्हणून ते रोज लावत राहिले. वेलची, शाई, खिडकी. ती नुसती असायची, कधी काही करायची नाही, असं म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तुम्ही तिला काम सांगितलंत. आणि वर स्वतः बोलावलंत. आपली आपण लावा, असं मी दोनदा सांगितलं होतं.

मी म्हटलं, वर तो संगणक आहे, त्याची वायर काढा. अकरा वर्षांचं सगळं जाईल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. ते म्हणाले, उद्या बघू. मग त्यांनी चहा मागवला. न सांगता वेलचीचा आला. मी प्यायले. सर माझ्याकडे बघत राहिले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

या वहीचं पहिलं पान वाचलं.

अक्षर माझं. शाई कसली भडक — मोरपंखी म्हणे. वेलचीचा चहा बेसिनमध्ये ओतला असं लिहिलंय. मी ओतला? मला तर लहानपणापासून — नाही. लहानपणी आईने कधी वेलची आणली नाही. परवडायची नाही, मग सवयच नव्हती. हे मला माहीत आहे. माहीत आहे, पण आठवताना दुसऱ्या कोणाचं ऐकल्यासारखं वाटतं.

पाच दिवस मी निळ्या शाईने लिहितेय. मला कळलंही नाही.

घाबरले आहे. आलं ठेचून चहा केला, दोन घोटांत उलटी झाली. खिडकी उघडली, अंगभर काटा आला, पण उघडीच ठेवली. मोरपंखी शाईची बाटली शोधून कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कपाटाला चिकटवलं. आलं. मोरपंखी शाई. उघडी खिडकी. आई. खाली अजून एक ओळ लिहिली, आई आली तर दार उघडायचं, वाटो न वाटो.

ती ओळ का लिहिली ते सांगवत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अस्मिताताईंचा फोन. आज सकाळी रविराजांनी त्यांना नावाने हाक मारली. चार दिवस रोज लिहिलं, ते लागू पडलं. दोघी फोनवर रडलो. म्हणजे सुटता येतं. ओळखणाऱ्या माणसाने आपल्याबद्दल खरं लिहावं लागतं.

पण माझी जागा मोकळी नाही. सरांना म्हटलं, तुम्ही लावा माझी, मी सांगते ते लिहा. सकाळी सहाला तिथे अपेक्षाचं होतं. मला वाटतं, दवाखान्यात डॉक्टर असतात, आपण जाऊन काय करायचं?

उद्या आईचं ऑपरेशन. मी जाणार. सातची बस. चपला दारात काढून ठेवल्यात. वायर काढा असं सरांना पुन्हा सांगितलं. उद्या, म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारचे चार. गेले नाही.

तयार होऊन बसले होते. चपला घालून. सात वाजले, नऊ वाजले. जायला हवं हे कळत होतं. जावंसं वाटत नव्हतं. उठायला लागतं ते जे काही असतं, ते नव्हतंच आत. आईचे अकरा फोन. मी फोनकडे बघत होते आणि खराडीतल्या त्या दुपारसारखं —

शेजारच्या बाईला घेऊन आई एकटीच गेली. ऑपरेशन चांगलं झालं, असा निरोप आहे. तू ठीक आहेस ना, असं विचारलंय. रागावली नाही. रागवायला हवं होतं तिने.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खिडकी बंद. कधी केली?

पलंगावर एक पांढरी गोधडी. निळे काठ. टाके वाकडे, कोणीतरी न बघता घातल्यासारखे. दवाखान्याचा वास येतो. मला नको वाटते. घडी करून दाराबाहेर ठेवली.

नंतर कागद वाचला आणि परत आत आणली. मांडीवर घेऊन बसले. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

अस्मिताताईंना फोन करून म्हटलं, तुम्ही माझी हजेरी लावा. त्या लगेच हो म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, काय लिहू, तुम्हाला काय काय आवडतं? मी म्हटलं, वेलची —

१ डिसेंबर, सोमवार

आजचं, मला वाटतं, आई लवकर गेली की माणूस लवकर शहाणा होतो.

खरं आहे.

दुपारी मामा येऊन गेले. डबा आणला होता. दारातच डोळे भरून आले त्यांचे. दहा महिने झाले ग, म्हणाले. वायरीचं काय झालं असं काहीतरी विचारायचं होतं मला, कोणत्या वायरीचं ते — मामा म्हणाले, आता कशाला.

चहा दोघांनी घेतला. बरं वाटलं.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळचे दहा. बेल वाजतेय. मघापासून.

दाराच्या भोकातून पाहिलं. एक म्हातारी बाई. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात डबा. दोन बस बदलून आले म्हणते. जिन्याने दम लागलाय. कलू, दार उघड, म्हणते. कोण कलू —

घर चुकलं, असं आतून सांगितलं. जात नाही. आवाज तर तुझाच आहे, म्हणते. पायरीवर बसली आहे. ताप आहे का, जेवलीस का, म्हणून विचारते.

माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. मामाने वाढवलं. हे मला माहीत —

कपाटावर कागद आहे. भडक शाई. आलं. खिडकी. आई. आई आली तर दार उघडायचं, वाटो न वाटो.

अक्षर माझ्यासारखं आहे.

ती रडत नाही. नुसती दारावर हात फिरवतेय. चाचपडल्यासारखा. तसे टाके कुठेतरी — गोधडी —

उठायला हवं. चार पावलं. वाटत नाहीये, पण लिहिलंय, वाटो न वाटो. ती म्हणतेय, कलू, एकदा सांग, तुला काय वाटतंय, मग मी जाते. सांगते. आता सांगते.

मला वाटतं —